चिरेखाणीवर तीनदा परतलेला ताप

खालचं प्रकरण कुठल्या एका खाणीचं नाही. कोकणातल्या सड्यांवर हिवताप ज्या क्रमाने येतो, दबतो आणि पुन्हा उठतो, तो क्रम एका कामगारावर बेतून मांडला आहे. माणसं, तारखा आणि खाणीवरची मोजमापं हिशेब लागावा म्हणून धरलेली आहेत. औषधांच्या मात्रा मात्र प्रत्यक्ष वापरातल्या आहेत.

जागा

राजापूर तालुक्यातला एक सडा. वर उघडा कातळ, खाली उतारावर वाडी आणि आंब्याच्या बागा. सड्यावर जांभ्याच्या दोन खाणी शेजारी शेजारी. एक चालू, दुसरी चांगला चिरा संपला म्हणून तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेली. सोडलेल्या खाणीचा खड्डा २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. भिंती मशिनने कापलेल्या, सरळ. एका अंगाला उतरायच्या पायऱ्या. जांभा संपून खालची चिकट माती लागली की पाणी मुरायचं थांबतं, त्यामुळे पावसात भरलेला खड्डा जानेवारीतही कमरेएवढं पाणी धरून असतो. पाणी नितळ, ऊन थेट, कडेच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि आत एकही मासा नाही. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाच्या मादीला याहून जास्त काही लागत नाही.

पावसाळ्यात खाणी बंद असतात. दसरा झाला की मुकादम माणसं घेऊन येतो. इथे १९ जण उतरले होते: १४ कामगार, ३ बायका, २ लहान मुलं. बरेचसे विजापूरकडचे, काही झारखंडचे. पत्र्याच्या पाच झोपड्या, दारात दोनशे लिटरचे निळे ड्रम. झोपड्या जुन्या खड्ड्यापासून शंभर पावलांवर होत्या, कारण भांडी घासायला तेच पाणी जवळ पडायचं. माणसं बाहेरून येतात आणि नेमक्या त्याच महिन्यांत पाणी साचलेलं असतं. कोकणातल्या खाणीवरच्या हिवतापाची निम्मी गोष्ट या योगायोगात आहे.

पहिला ताप: ५ नोव्हेंबर

रुग्ण २६ वर्षांचा, विजापूरकडचा, वजन ५२ किलो. दुपारी हुडहुडी भरली, दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. तासाभराने अंग तापलं, संध्याकाळी दरदरून घाम सुटला आणि रात्री तो जेवायला बसला. दुसऱ्या दिवशीही ताप आला. पुढे मात्र तो एकाआड एक दिवस येऊ लागला. पाठ्यपुस्तकातला ४८ तासांचा ठोका व्हायवॅक्स या हिवतापाच्या प्रकारात पहिल्या दिवसापासून बसत नाही. सुरुवातीला ताप रोज येऊ शकतो, म्हणून ‘रोज येतोय, म्हणजे मलेरिया नाही’ हा निष्कर्ष फसवा आहे.

वाडीतल्या दवाखान्यात त्याला एक इंजेक्शन आणि पॅरासिटामॉल मिळालं. कारण सांगितलं ‘व्हायरल’. कोकणात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तापाला दावेदार पुष्कळ असतात हे खरं. भातकापणीनंतर लेप्टो असतो, त्यात पोटऱ्या दाबल्या तरी कळवळायला होतं आणि डोळे लाल दिसतात. डेंग्यू असतो. स्क्रब टायफस असतो, त्यात काखेत किंवा जांघेत सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग शोधावा लागतो. दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला डिसेंबरपासून माकडतापही धरावा लागतो. पण या सगळ्यांत मलेरियाची चाचणी सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद आणि उपकेंद्रात फुकट होणारी आहे. ती शेवटी करण्यात काहीच शहाणपण नाही. सड्यावर राहणाऱ्या माणसाला ताप आला की त्याच दिवशी बोटातून रक्त, असा साधा नियम ठेवावा.

९ नोव्हेंबरला आशाताई घरभेटीला आल्या आणि त्यांनी किट लावलं. १५-२० मिनिटांत व्हायवॅक्सची रेघ उमटली.

किटबद्दल दोन गोष्टी. पाकीट फोडल्यावर ते लगेच वापरायचं, कारण कोकणातली दमट हवा पट्टी खराब करते. आत सिलिका जेलची पुडी नसेल किंवा तिचा रंग बदललेला असेल तर ते किट टाकून द्यायचं. आणि निकाल किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा. तासाभराने दिसणाऱ्या पुसट रेघेला अर्थ नाही.

सोबत काचपट्टीही घ्यायला हवी. डाव्या हाताचं तिसरं किंवा चौथं बोट, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढच्या थेंबांतून एकाच पट्टीवर जाड आणि पातळ असे दोन लेप. जाड लेप रुपयाच्या नाण्याहून लहान ठेवावा आणि त्याखालून छापील अक्षरं जेमतेम वाचता यावीत. त्याहून जाड झाला तर धुताना सुटून येतो. दमट हवेत पट्टी वाळायला वेळ लागतो, म्हणून ती चुलीशेजारी ठेवायची खोड अनेकांना असते. उष्णतेने जाड लेपातल्या तांबड्या पेशी काचेवर पक्क्या बसतात, मग रंग देताना त्या विरघळत नाहीत आणि खालचे परजीवी दिसत नाहीत. पट्टी सावलीत, डबीत, झाकून वाळवावी. उघडी ठेवली तर माश्या आणि झुरळं रक्त चाटून नेतात आणि प्रयोगशाळेत ‘नमुना अपुरा’ असा शेरा येतो. जाड लेपाची किमान १०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय ‘परजीवी नाही’ असं लिहायचं नसतं.

उपचार बरोबर सुरू झाले. क्लोरोक्विन दर किलोला एकूण २५ मिलिग्रॅम, तीन दिवसांत. मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी ४ गोळ्या, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २. इथे गोंधळ होतो तो वेष्टनावरच्या आकड्याचा. २५० मिलिग्रॅम क्लोरोक्विन फॉस्फेट म्हणजे १५० मिलिग्रॅम मूळ औषध, आणि मात्रा नेहमी मूळ औषधात मोजतात. ‘६०० मिलिग्रॅम द्या’ हे वाचून कुणी २५०च्या अडीच गोळ्या दिल्या, की मात्रा चारऐवजी अडीच गोळ्यांची होते.

सोबत प्रायमाक्विन: दर किलोला दिवसाला ०.२५ मिलिग्रॅम, १४ दिवस. मोठ्या माणसाला साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, म्हणजे एकूण २८ गोळ्या. आशाताईंनी पुडी हातात दिली.

चौथ्या दिवशी भेट झाली तेव्हा तो खाणीवर कामाला लागलेला होता. “ताई, ताप गेला ना, आता गोळी कशाला?” पुडीत २० गोळ्या शिल्लक होत्या. पहाटे उपाशीपोटी गोळी घेतल्याने पोटात मुरडा आला, एवढं कारण त्याला पुरलं. ताईंनी समजावलं, त्याने मान डोलावली. गोळ्या पत्र्याच्या फटीत खोचलेल्या राहिल्या.

दुसरा ताप: ३० डिसेंबर

उपचार सुरू झाल्यापासून बरोबर ५१ दिवसांनी पुन्हा हुडहुडी. या वेळी मुकादमाने त्याला गाडीत घालून तालुक्याच्या खासगी रुग्णालयात नेलं. रक्तात व्हायवॅक्स. ‘आधी क्लोरोक्विन झालंय आणि तरी पुन्हा आलाय, म्हणजे ते लागू पडलेलं नाही,’ असा तर्क झाला आणि आर्टेसुनेटची इंजेक्शनं तीन दिवस दिली गेली. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. बिल मोठं झालं, ते मुकादमाने उचल म्हणून मजुरीतून कापायचं ठरवलं. प्रायमाक्विन दिलं गेलं नाही.

या तर्काची चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण ती वारंवार होते. व्हायवॅक्स दोन ठिकाणी राहतो. तांबड्या पेशींतले परजीवी ताप आणतात. यकृतातले काही परजीवी मात्र काही न करता पडून राहतात, आठवडे किंवा महिने. क्लोरोक्विन आणि आर्टेसुनेट, दोन्ही रक्त साफ करतात. यकृतातल्या झोपलेल्यांना त्यातलं एकही हात लावत नाही. ते काम प्रायमाक्विनचं.

मग ५१ दिवसच का? क्लोरोक्विन रक्तात सावकाश कमी होतं आणि साधारण महिनाभर पुरेशा प्रमाणात टिकतं. त्या काळात यकृतातून परजीवी बाहेर पडले तरी रक्तात मारले जातात. औषधाची पातळी घसरल्यावर जे निघतात ते तग धरतात, वाढतात आणि ताप आणतात. म्हणून क्लोरोक्विननंतरचा उलटा ताप सहसा पाच-सात आठवड्यांनी दिसतो. तो परत आला याचा अर्थ क्लोरोक्विनने आपलं काम केलं होतं, फक्त त्याच्या जोडीदाराला चौथ्या दिवशी फटीत खोचून ठेवलं होतं. औषध लागू न पडल्याची शंका कधी घ्यावी? डोळ्यांदेखत, उलटी न होता, पूर्ण मात्रा पोटात गेली आहे आणि तरीही २८ दिवसांच्या आत रक्तात व्हायवॅक्स सापडला, तर. इथे यातलं काहीच नव्हतं.

आर्टेसुनेटची इंजेक्शनं गंभीर रुग्णासाठी असतात: शुद्ध हरपणं, झटके, कावीळ, श्वास लागणं, बसताही न येणं, लघवी कमी किंवा काळी होणं. तिथे ती जीव वाचवतात. दर किलोला २.४ मिलिग्रॅम, सुरुवातीला, मग १२ आणि २४ तासांनी, पुढे रोज एकदा, आणि तोंडाने घेता येऊ लागल्यावर गोळ्यांचा पूर्ण कोर्स. चालत आलेल्या, जेवणाऱ्या, उलटी न होणाऱ्या माणसाला त्यांची गरज नव्हती.

तिसरा ताप: २४ जानेवारी

आर्टेसुनेट क्लोरोक्विनच्या उलट. परजीवी झपाट्याने मारतं आणि काही तासांत रक्तातून निघून जातं. मागे राखण करणारं कुणी उरत नाही, म्हणून त्यानंतरचा उलटा ताप तीन-चार आठवड्यांतच येतो. इथे २५ दिवसांनी आला. दोन तापांमधलं अंतर पाहूनच आधी कोणतं औषध दिलं असेल याचा अंदाज बांधता येतो. केसपेपर हरवलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे उपयोगी पडतं.

तिसऱ्या खेपेला तो प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. डोळ्यांच्या पापण्या फिक्या, हिमोग्लोबिन ९.४, प्लीहा बरगडीखाली दोन बोटं लागत होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न तापाचा विचारला नाही. “तुला १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या किती घेतल्यास?” सगळं प्रकरण त्या उत्तरात उलगडलं.

या वेळी क्रम असा ठेवला. क्लोरोक्विन त्याच दिवशी सुरू. प्रायमाक्विनआधी जी-सिक्स-पीडी तपासणीसाठी रक्त उपजिल्हा रुग्णालयात. हे तांबड्या पेशींतलं एक विकर (एन्झाइम) आहे. ज्यांच्यात ते जन्मतः कमी असतं, त्यांच्या पेशी प्रायमाक्विनने फुटू शकतात. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत जास्त दिसतो, आणि भारतात काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण अधिक आहे. निकाल दुसऱ्या दिवशी आला, सर्वसाधारण. दोष निघाला असता तर रोजच्या मात्रेऐवजी आठवड्यातून एकदा, दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, असे ८ आठवडे, आणि तेही डॉक्टरांच्या नजरेखाली.

तपासणीची सोय सगळीकडे नसते. तेव्हा एक गोष्ट रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावीच लागते: लघवीवर लक्ष ठेव. पिवळी किंवा नारिंगी झाली तर पाणी जास्त पी, घाबरू नकोस. कोकमाच्या आगळासारखी किंवा कोऱ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर गोळी त्याच क्षणी बंद करून दवाखाना गाठ. ‘काळसर’ या शब्दाने प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा रंग येतो. आगळ म्हटलं की वाडीत कुणाला विचारावं लागत नाही. विजापूरच्या माणसाला चहाच सांगावा.

आता १४ दिवसांचं काय करायचं? पुडी पुन्हा हातात देणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं. गोळी कधी द्यायची हे आधी ठरवलं. संध्याकाळ नको, कारण काही जण पिऊन झोपतात आणि जेवणाचा भरवसा नसतो. सकाळी साडेसातला कामाआधी सगळे भाकरी खातात, तेव्हा भाकरीनंतर लगेच. भरल्या पोटी मुरडा जवळजवळ येतच नाही. मुकादमाला साक्षीदार केलं. त्याची उचल अडकलेली असल्याने त्याला या गोळ्यांत रस होता, आणि असा स्वार्थ उपयोगात आणायला हरकत नसावी. झोपडीच्या पत्र्यावर खडूने १४ उभ्या रेघा ओढल्या. गोळ्या गिळल्या, तोंड उघडून दाखवलं, की एक रेघ आडवी कापायची. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तीच मात्रा पुन्हा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी येऊन रेघा आणि पुडीतल्या गोळ्या, दोन्ही मोजायच्या. नुसत्या रेघांवर विसंबायचं नाही. दहाव्या दिवशी रेघा १० कापलेल्या होत्या आणि गोळ्या १० उरल्या होत्या. ८ उरायला हव्या होत्या. आदल्या रविवारी तो बाजाराला गेला होता आणि परतल्यावर मुकादमाने रेघ उदारपणे कापून टाकली होती. राहिलेला दिवस शेवटी वाढवला.

खाणीवरच्या बाकीच्यांचं रक्त

रुग्ण सापडल्याच्या आठवड्यात त्याच्याभोवतीच्या सगळ्यांची तपासणी करावी, ताप असो वा नसो. १९ जणांचं रक्त घेतलं. दोन नमुने बोलले.

एक त्याच्याच बायकोचा. ती पाच महिन्यांची गरोदर. २७ जानेवारीला तिला ताप भरला होता, तो तिने दमणुकीवर ढकलला. रक्तात व्हायवॅक्स. तारखा जुळवून पाहण्यासारख्या आहेत. व्हायवॅक्समध्ये डासाला लागण करणारी नर-मादी रूपं ताप येतो त्याच सुमाराला रक्तात असतात. ३० डिसेंबरच्या रात्री नवऱ्याला चावलेल्या डासाच्या पोटात परजीवी तयार व्हायला थंडीच्या दिवसांत १२ दिवस धरले, तर ११ जानेवारी. तिथून माणसाला ताप यायला १२ ते १७ दिवस, म्हणजे २३ ते २८ जानेवारी. हा पुरावा नव्हे, तिचाही जुना ताप उलटलेला असू शकतो. पण रुग्णालयात जाण्याआधी ती रात्र तो मच्छरदाणीविना त्याच झोपडीत होता, एवढं मात्र नक्की.

गरोदरपणात क्लोरोक्विन चालतं, कुठल्याही महिन्यात, त्याच मात्रेत. प्रायमाक्विन मुळीच नाही, कारण पोटातल्या बाळाच्या पेशींत ते विकर आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. म्हणजे तिच्या यकृतातले परजीवी बाळंतपणापर्यंत तसेच राहणार. उलटा ताप बाळाचं वजन घटवतो आणि आईचं रक्त कमी करतो. तो अडवायला तीन दिवसांच्या कोर्सनंतर क्लोरोक्विनच्या दोन गोळ्या (३०० मिलिग्रॅम मूळ औषध) आठवड्यातून एकदा, बाळंत होईपर्यंत. वार ठरवला सोमवार, कारण त्या दिवशी खाणीचा हिशेब होत असल्याने तो कुणी विसरत नाही. प्रायमाक्विन बाळंतपणानंतर, बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर, आई आणि अंगावर पिणारं बाळ दोघांचीही तपासणी करून.

दुसरा नमुना झारखंडला जाऊन आठवड्यापूर्वीच परतलेल्या एका तरुण कामगाराचा. ताप नव्हता, फक्त डोकं जड. किटवर फॅल्सिपेरम या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराची रेघ, पातळ लेपात परजीवींची बारीक कडी. हा प्रकार थांबायला वेळ देत नाही. त्याला मोठ्यांची पांढरी स्ट्रिप मिळाली: आर्टेसुनेट २०० मिलिग्रॅमची १ गोळी रोज, तीन दिवस, आणि पहिल्याच दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या २ गोळ्या. देण्याआधी सल्फाची ॲलर्जी आहे का, हे विचारायचं. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ६ गोळ्या एकदम, एकदाच. फॅल्सिपेरम यकृतात दडून बसत नाही, त्यामुळे इथे १४ दिवसांची गरज नसते. ही एक मात्रा आहे ती रक्तातल्या केळ्याच्या आकाराच्या रूपांसाठी, जी डासामार्फत पुढच्या माणसाला जातात. महिन्याने त्याच्यावर पुन्हा किट लावायचा आग्रह कुणी धरला तर नको म्हणावं. फॅल्सिपेरमच्या किटला जे प्रथिन सापडतं ते बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. पाठपुराव्याला काचपट्टीच हवी.

पाणी

ग्रामपंचायतीने पहिल्याच दिवशी धूरफवारणी केली आणि फोटो काढले. धुराने त्या क्षणी उडणारे डास मरतात. ॲनॉफिलीस चावतो रात्री, बऱ्याचदा मध्यरात्रीच्या पुढे, आणि धूर येतो सायंकाळी. अळ्यांना तर तो स्पर्शही करत नाही. साथीच्या भरात एखादवेळ ठीक, पण त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं हाच त्याचा मोठा तोटा.

काम पाण्यावर करायचं असतं आणि ते पांढऱ्या वाटीने सुरू होतं. लांब दांड्याचा पांढरा डाव घ्यावा. सूर्याकडे तोंड करून काठाशी जावं, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही. सावली पडली की अळ्या बुडी मारतात. डाव तिरका धरून कडेच्या शेवाळाजवळ अलगद बुडवावा, मग हलवू नये. थोड्या वेळात अळ्या वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी पडलेली अळी ॲनॉफिलीसची. डोकं खाली करून शेपटीच्या नळीवर लटकलेली अळी क्युलेक्स किंवा एडिस या दुसऱ्या डासांची. हा फरक डोळ्यांनी दिसतो, भिंग लागत नाही.

जुन्या खाणीत पायऱ्यांच्या बाजूला प्रत्येक डावात आडव्या अळ्या मिळाल्या, सरळ भिंतींच्या बाजूला एकही नाही. पण ॲनॉफिलीसच्या सगळ्याच जाती हिवताप पसरवत नाहीत. ग्रामीण भागातला मुख्य वाहक क्युलिसिफेसिस खड्ड्यांत आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, डबक्यांत वाढतो, स्टीफेन्सी टाक्यांत आणि विहिरींत. नक्की कोण ते कळायला अळ्या वाढवून डास बघावे लागतात. म्हणून फक्त खड्ड्याकडे बोट दाखवून थांबणं बरोबर नव्हतं. खालच्या आंब्याच्या बागेत फवारणीच्या पाण्याची सिमेंटची उघडी टाकी होती, तिथेही आडव्या अळ्या. झोपड्यांच्या निळ्या ड्रमांत मात्र लटकणाऱ्या: डेंग्यूच्या डासाच्या, म्हणजे एडिसच्या. तो वेगळा धोका, पण उपाय तोच.

ड्रम आठवड्यातून एकदा रिकामे करायचे, आतून घासायचे, उन्हात पालथे ठेवायचे. उबदार पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर एडिसची कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. बागेतली टाकी रिकामी करणं शक्य नव्हतं, फवारणीचा हंगाम सुरू होता. तिला बारीक नायलॉनची जाळी ताणून बांधली आणि तोवर टेमिफॉस हे अळीनाशक. ५० टक्क्यांचं द्रावण दर हजार लिटर पाण्याला २ मिलिलिटर, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम.

खड्ड्याचा प्रश्न मोठा. कुणीतरी जेसीबीचं जळकं ऑइल ओतायची सूचना केली. ती मोडून काढावी लागली. जांभा सच्छिद्र असतो, भिंतींतून झिरपलेलं पाणी उताराखालच्या विहिरींत उतरतं. सड्यावर ओतलेलं ऑइल वाडीच्या कळशीत यायला वेळ लागत नाही.

गप्पी मासे सोडायचे ठरले. काठाच्या दर मीटरला ५ ते १० मासे. खड्ड्याचा घेर ६० मीटर, म्हणजे ३०० ते ६००. मासे आणलेली पिशवी वीसेक मिनिटं खड्ड्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडावं. गरम पाण्यात एकदम ओतले की निम्मे उताणे होतात, आणि मग ‘गप्पीने काही होत नाही’ अशी बोंब उठते. दुसरं, पायऱ्यांवरचं शेवाळ आणि गवत काढल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत. अळ्या दाट शेवाळात लपतात आणि मासा आत शिरत नाही. गप्पी खाणीतच ठेवायचे, पऱ्यात सोडायचे नाहीत, नाहीतर तिथल्या मूळ माशांच्या वाट्याला ते येतात.

पण मासे हा दर वर्षी करायचा उपाय झाला. खड्डा उताराच्या कडेला होता, त्यामुळे कायमचा उपाय खाणमालकाच्या हातात होता: खालच्या अंगाची भिंत एका जागी तळापर्यंत कापून चर काढायचा आणि उरलेला खोलगट भाग कापणीच्या भुग्याने आणि डबराने भरायचा. भुगा आणि डबर चालू खाणीवर ढिगाने पडलेलं असतं, नेण्याचं भाडंही लागत नाही. मशिनचं दोन दिवसांचं काम. मार्चअखेर ते झालं.

मच्छरदाण्यांची कथा थोडक्यात. कीटकनाशक लावलेल्या १० मिळाल्या, पहिल्या रात्री तीनच टांगल्या गेल्या. पत्र्याच्या झोपडीत खिळा मारायला जागा नव्हती आणि गरमीमुळे माणसं बाहेर झोपत होती. खाणीवरच्या जुन्या सळया जमिनीत रोवून बाहेरच दोऱ्या ताणल्यावर आठ वापरात आल्या. धुवायच्या तर साध्या साबणाने, सावलीत वाळवून. धुण्याच्या पावडरीत भिजवून कातळावर उन्हात टाकल्या, तर औषध लवकर उतरतं.

पुढे

८ फेब्रुवारीला पत्र्यावरची शेवटची, वाढवलेली रेघ कापली गेली. महिन्याने काचपट्टी स्वच्छ, एप्रिलमध्येही स्वच्छ. हिमोग्लोबिन १२ वर आलं. झारखंडच्या तरुणाची पट्टीही स्वच्छ निघाली.

मेच्या शेवटी खाण बंद होऊन सगळे गावी गेले. माणूस जिल्हा सोडून गेला की त्याचा कागद मागे राहतो, आणि हिवतापाच्या पाठपुराव्यातलं सर्वांत मोठं भोक हेच आहे. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बायकोच्या माता-बाल कार्डाच्या आतल्या पानावर स्टेपलने एक चिठ्ठी लावली, कन्नड येणाऱ्या परिचारिकेकडून लिहून घेतलेली: व्हायवॅक्स, २७ जानेवारी. क्लोरोक्विन दर सोमवारी २ गोळ्या, बाळंतपणापर्यंत. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर दोघांची जी-सिक्स-पीडी तपासणी. प्रायमाक्विन १४ दिवस, बाकी.